लाट आणि प्रवाह

नव्या पिकाची बातमी गावात बहुधा तीन वाटांनी येते. कोणी पाहुणा लग्नकार्याला आला असता सांगतो, कोणी बाजाराच्या दिवशी ऐकून येतो, तर कधी रंगीत पत्रके घेऊन एखादी गाडीच चावडीपुढे उभी राहते. अलीकडे मोबाइलची चौथी वाट त्यांत वाढली आहे. वाट कोणतीही असो, बातमी ठरलेली असते : अमक्या गावच्या शेतकऱ्यास एकरी इतके लाख मिळाले. ऐकणाऱ्याच्या मनात तत्काळ दोन भये उभी राहतात. नवे करावे तर फसण्याचे भय, आणि न करावे तर मागे पडण्याचे भय.

या दोहोंतून मार्ग काढावयाचा असेल तर एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. काही नवलाई लाटेसारखी उंच उठते आणि तशीच ओसरते. ओसरताना काठावरचे पुष्कळ काही घेऊन जाते. काही बदल मात्र प्रवाहासारखे असतात. आरंभी ते बारीक दिसतात, परंतु त्यांना उगम असतो व मागून पाण्याचा पुरवठा असतो, म्हणून ते टिकतात. अडचण अशी की, पहिली दोन-तीन वर्षे लाट व प्रवाह सारखेच दिसतात. तेव्हा केवळ वरच्या दृश्यावर न जाता मुळाशी काय आहे हे पाहण्याची सवय लावून घेणे जरूर आहे. महाराष्ट्रातील व शेजारील प्रांतांतील गेल्या काही दशकांचा अनुभव या कामी चांगला उपयोगी पडतो.

इमूची लाट

इमू हा ऑस्ट्रेलियातील न उडणारा मोठा पक्षी. उंचीने शहामृगाच्या खालोखाल त्याचाच क्रम लागतो. अमेरिकेत, विशेषतः टेक्सास राज्यात, १९९० नंतरच्या काही वर्षांत इमूपालनाचा मोठा बोलबाला झाला. प्रजननक्षम जोडीला हजारो डॉलर मोजले गेले. ते दशक संपण्यापूर्वीच किमती कोसळल्या आणि खाद्याचा खर्च न झेपल्याने काहींनी पक्षी मोकळे सोडून दिले. हा अनुभव जगापुढे असताना सुमारे दहा वर्षांनी तोच व्यवसाय आंध्र प्रदेश, तमिळनाडू व महाराष्ट्र या राज्यांत झपाट्याने पसरला.

इमूच्या मांसात चरबी कमी असते, त्याच्या चरबीपासून तेल निघते, कातडे व पिसे उपयोगी पडतात, असे शेतकऱ्यांना सांगितले जाई. त्यातील एकही गोष्ट सर्वस्वी खोटी नव्हती. परंतु पुणे, नागपूर किंवा सोलापूर येथे इमूचे मांस विकत घेऊन खाणारी माणसे किती, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ज्याचा रोजचा भाव निघतो असा बाजार नव्हता, आणि माल नियमितपणे घेणारे कत्तलखाने व तेलाचे कारखानेही पुरेसे नव्हते. मग पिल्ले विकत कोण घेत होते? नव्याने इमू पाळावयास निघालेला दुसरा शेतकरी! हाच काय तो खरा ग्राहक होता.

याचा हिशेब बोटांवर करता येण्याजोगा आहे. समजा, १० शेतकऱ्यांनी एकेक जोडी घेतली. मादी दोन वर्षांच्या सुमारास अंडी देऊ लागते आणि एका हंगामात वीसच्या आसपास अंडी सहज देते. त्यांतून निदान १० नव्या जोड्या तयार होऊन विकल्या जाव्यात, असे धरले, तर पहिल्या फेरीस १०० नवे शेतकरी हवेत, दुसरीस १,०००, तिसरीस १०,००० आणि चौथीस १,००,०००. महाराष्ट्रात गावे आहेत ४० हजारांच्या वर. म्हणजे अवघ्या चार फेऱ्यांत प्रत्येक गावी दोन घरांनी इमू विकत घेतल्यावाचून हा धंदा चालू शकत नाही. पाचव्या फेरीचे तर नावच घ्यावयास नको! जो व्यवसाय केवळ नव्या भरतीवर चालतो, तो कोठेतरी थांबणार हे गणितानेच ठरलेले असते. प्रश्न एवढाच उरतो की, थांबेल तेव्हा पक्षी कोणाच्या कुंपणात असतील.

२०१२ साली हे घडले. तमिळनाडूत पेरुंदुरई येथील एक मोठी योजना कोसळली आणि तेथील सरकारी यंत्रणेस बेवारस पक्ष्यांच्या खाद्यपाण्याची तजवीज करावी लागली. इतर राज्यांतही मागणी आटली. पूर्ण वाढीचा इमू ४० किलोंच्या वर वजनाचा असतो व दिवसाला सुमारे किलोभर खाद्य खातो. विकला न जाणारा पक्षी रोज खातच राहतो, आणि बँकेचे व्याजही तसेच चालू राहते. ज्यांनी आरंभी पिल्ले विकली त्यांस पैसा मिळाला. ज्यांनी शेवटी घेतली त्यांच्या सातबाऱ्यावर बोजा चढला.

सोयाबीनचा प्रवाह

आता याच्या शेजारी सोयाबीन ठेवून पाहावे. १९७०-७१ च्या सुमारास संबंध भारतात या पिकाखाली सुमारे ३० हजार हेक्टर जमीन होती. त्या वेळी विदर्भातील शेतकऱ्यास हे पीक इमूइतकेच अनोळखी होते. त्याची डाळ शिजत नाही, चव लागत नाही, अशा तक्रारीही होत. आज एकट्या महाराष्ट्रात सोयाबीनचे क्षेत्र ४० लाख हेक्टरांहून अधिक आहे.

हे पीक टिकले याला कारणे आहेत. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे १८ ते २० टक्के तेल व ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. देशात खाद्यतेलाचा तुटवडा जुना आहे आणि आजही निम्म्याहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते. तेल काढल्यावर उरणारी पेंड कोंबडीखाद्यास लागते व निर्यातही होते. पीक साधारणतः ९० ते ११० दिवसांत निघते, म्हणून ओल असेल तेथे मागून हरभरा घेता येतो. मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र पिकास मिळते. लातूरसारख्या ठिकाणी तेलगिरण्या उभ्या राहिल्या, मोंढ्यात रोज सौदे होऊ लागले. येथे शेतकऱ्याचा माल दुसरा शेतकरी बियाण्यासाठी घेत नव्हता. गिरणी घेत होती, आणि गिरणीच्या मागे तेल खाणारी कोट्यवधी घरे होती.

लाट व प्रवाह यांतील पहिला भेद हाच होय. प्रवाहात अखेरचा ग्राहक माल वापरून संपवितो. लाटेत माल संपत नाही, तो फक्त हातोहात फिरतो. इसवी सन २००० नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीचेही असेच झाले. लागवडीचे कंद चढ्या भावाने विकले गेले, परंतु वाळलेल्या मुळ्या बाजारात नेल्यावर तसा गिऱ्हाईक भेटेना.

कारण कायमचे की तात्पुरते?

अखेरचा ग्राहक खरा असला म्हणजे सर्व भागले, असे मात्र नाही. व्हॅनिलाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. व्हॅनिला ही जगभर आइस्क्रीम व मिठाईत वापरली जाणारी वस्तू. तिचे मुख्य उत्पादन मादागास्करमध्ये होते. २००० साली तेथे मोठे चक्रीवादळ झाले, पुरवठा घटला आणि भाव चढत गेले. २००३-०४ च्या सुमारास केरळ व कर्नाटकात हिरव्या शेंगांना किलोला ३,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला. तो पाहून अनेकांनी वेल लावले. परंतु व्हॅनिलाचा वेल शेंगा देण्यास तीन वर्षे घेतो. तोवर मादागास्करचे पीक सावरले, महाग माल नको म्हणून कारखानदार कृत्रिम सुगंधाकडे वळले, आणि भाव एकदम खाली आला. भाव वाढण्याचे कारण वादळ होते. वादळ सरले तसा भावही सरला.

याउलट ठिबक सिंचनाकडे पाहावे. महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात ते आले तेव्हा नळ्यांचा खर्च डोळ्यांत भरे, तोट्या चोंदत, आणि ही श्रीमंतांची हौस आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. परंतु विहिरींची पातळी खाली जात होती व मजुरी वाढत होती. ही कारणे एका हंगामात नाहीशी होणारी नव्हती, म्हणून ठिबक राहिले.

जट्रोफाची, म्हणजे मोगली एरंडाची, हकिकत तिसरी गोष्ट शिकविते. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी या झाडाची शिफारस केली. पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरपूर बी येईल अशी अपेक्षा होती. कारणही खोटे नव्हते, कारण देशाला इंधन हवेच होते. परंतु पडीक जमिनीत झाड जगले तरी बी फारसे धरले नाही, आणि पेंड विषारी असल्याने जनावरांसही चालेना. तेव्हा एखाद्या पिकाचे नाव सरकारी कागदात आले, एवढ्याने ते आपल्या शेतात पिकेल असे समजू नये. आपल्या भागातील मातीत व पावसात त्याचा अनुभव काय, हे पाहिल्यावाचून पुढे जाणे बरे नाही.

संकटात काय होते?

प्रवाहातील पिकास संकटे येत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. २०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्याने युरोपात माल अडला व बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. परंतु तेथील लोकांनी द्राक्षे खाणे सोडले नव्हते. अंश तपासणी कडक झाली, बागाईतदारांनी फवारणीच्या नोंदी काटेकोर ठेवल्या, आणि निर्यात पुढे चालू राहिली. सोयाबीनचा भाव ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत क्विंटलला १०,००० रुपयांवर गेला होता; २०२४ च्या हंगामात तो ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली आला. त्या वर्षी शेतकऱ्याचा तोटा झाला, हे नाकारता येत नाही. तरीही गिरण्या चालू होत्या व माल घेतला जात होता. प्रवाहाचे पाणी कमीजास्त होते. लाट ओसरली म्हणजे उरते ती रेती. म्हणूनच प्रवाहातील पीकही सर्व शेतात एकटेच घेऊ नये.

पैसा गुंतविण्यापूर्वीचे प्रश्न

नव्या पिकाची किंवा जोडधंद्याची बातमी आली असता पुढील प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कर्ज काढू नये.

१. हा माल अखेर कोण खातो किंवा वापरतो, आणि तो आज कोठे व काय भावाने विकला जातो?

२. सांगितलेल्या उत्पन्नातून रोपे, बेणे व पिल्ले यांची विक्री वगळली तर मागे काय उरते?

३. मागणी वाढण्याचे कारण कोणते, आणि ते पीक हाती येईपर्यंत टिकेल काय?

४. भाव निम्मा झाला तर खर्च निघेल काय?

५. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राने अथवा कृषी विद्यापीठाने याचा अनुभव घेतला आहे काय?

६. माल परत घेण्याचा करार असेल, तर घेणारा तो पुढे कोणास विकतो? नव्या सभासदांच्या पैशांतून जुन्यांस पैसे देणारा करार म्हणजे करार नव्हे.

यांतील दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सांगली, सोलापूर या भागांत पसरत असलेल्या ड्रॅगन फळालाही तो लावून पाहावा. हे फळ लोक विकत घेऊन खातात, आणि बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत त्यावर काम झाले आहे. या जमेच्या बाजू होत. परंतु खांब व रोपे यांचा आरंभीचा खर्च मोठा असतो. तेव्हा शेजाऱ्याच्या बागेचा हिशेब ऐकताना फळांचे पैसे किती व छाटलेल्या फांद्यांच्या रोपांचे किती, हे वेगळे विचारून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

गावात शेतकरी सल्ला विचारतो तो बहुधा कार्यकर्त्यालाच. ‘करू नका’ असे सरसकट सांगणे सोपे असते, परंतु त्यामुळे ठिबकासारखी चांगली गोष्टही गावात उशिरा येते. त्यापेक्षा पाच-सात शेतकऱ्यांस बरोबर घेऊन, ज्याने ते पीक तीन हंगाम काढले आहे आणि ज्याच्याकडे विकावयास रोपे नाहीत, अशा शेतकऱ्याची भेट घडवून आणावी. त्याच्या विक्रीच्या पावत्या पाहाव्यात. त्यानंतर ज्यास इच्छा असेल त्याने पाच-दहा गुंठ्यांत करून पाहावे व खर्चाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. पाच गुंठ्यांतील चूक घरातल्या घरात भरून काढता येते. पाच एकरांतील चूक पुढच्या पिढीवर जाते.

‘पी हळद आणि हो गोरी’ असा आग्रह धरणारा माणूस पत्रके वाटून दुसऱ्या तालुक्यात निघून जातो. कार्यकर्ता व शेतकरी यांस त्याच गावात राहावयाचे असते. म्हणून विक्रेत्याने घाई केली तर ती त्याची गरज समजावी. पीक खरेच प्रवाहातील असेल तर पुढल्या हंगामातही ते लावता येईल. एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही.