पादशहापासून खाशांपर्यंत

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या 'ड्यून' या विज्ञानकादंबरीत विश्वाचा अधिपती स्वतःस 'पादिशा एम्परर' म्हणवितो आणि एखाद्या ग्रहाचा अंमलदार 'सिरिदार-बॅरन' असतो. या 'सिरिदारा'त मला तरी आपला सरदारच दिसतो. फारसी दरबार आणि युरोपीय सरंजामशाही यांची ही मोट इंग्रजी वाचकास अद्भुत वाटली असेल. गोव्यातील पेडणे-डिचोलीकडील माणसास मात्र तीत घरच्याच जुन्या दफ्तराचा वास यावा.

हे महाल सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांच्या अमलाखाली असताना, शिंद्यांशी सोयरीक जुळल्यावर तिसऱ्या खेमसावंतांस दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळाला. त्यातला 'राजे' संस्कृताच्या वळणाचा, 'बहादूर' फारसीच्या वाटेने आलेला, आणि दोघेही एकाच नावाशी विनातक्रार नांदले. साखळीच्या राणे घराण्याच्या 'सरदेसाई'तही 'सर' फारसी आणि 'देसाई' देशी. पुढे १७८१ ते १७८८ या अवधीत डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेली, तरी जुने हुद्दे पुसले गेले नाहीत. त्यांवर नवे चढले. ज्यांच्या आडनावातच देशाचे प्रभुत्व सामावलेले होते, त्या पेडण्याच्या देशप्रभूंच्या घराण्यास एकोणिसाव्या शतकात लिस्बनच्या राजाने 'विस्कोंद द पेर्नें' केले. पेडण्याचे पेर्नें झाले, पण देशप्रभूंचे देशप्रभूपण काही गेले नाही.

कल्पित उमराव रचणारे बहुतेक लेखक नेमके येथेच चुकतात. ज्यूल व्हर्न यांनी कॅप्टन नेमोस शेवटी बुंदेलखंडचा राजपुत्र ठरविले खरे, परंतु त्याला दिलेले 'डक्कर' हे नाव बुंदेलखंडात कोणी ओळखील असे वाटत नाही. त्या नावामागे ना वतन, ना गाव, ना कुळ. हर्बर्ट यांनी निदान एकावर एक थर चढविले, आणि म्हणूनच त्यांचे उमराव खरे भासतात.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि सरदारकीचे किताब रद्द झाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर, किताबांस मज्जाव करणारे भारतीय संविधान येथेही लागू झाले. डिचोली तालुक्यातील साखळीच्या राण्यांस लोक मात्र 'खाशे' म्हणत राहिले. १९८० साली प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, तेव्हाही ते लोकांचे 'खाशे'च होते, आणि त्यासाठी कोणी त्यांच्याकडे सनद मागितली नाही.