निखळलेले कोपर

आपला उजवा हात सरळ करा आणि डाव्या हाताने कोपर चाचपून पाहा. हाडाची तीन टोके लागतील. एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या अंगाला आणि एक मागे मधोमध. हात सरळ असला की तिन्ही एका ओळीत येतात. आता हात काटकोनात वाकवा. चुलीच्या तीन दगडांसारखा त्रिकोण झाला ना? दंडाचे एक हाड आणि खालच्या हाताची दोन हाडे येथे भेटतात. दाराच्या बिजागरीसारखी त्यांची जुळणी असते. सुतळीहून चिवट असे बंध त्यांना बाजूंनी आवळून धरतात.

माणूस पडतो तेव्हा सावरण्यासाठी तळहात टेकतो. बांधावरून घसरा, शिडीवरून पडा की मोटारसायकलवरून, अंगाचा सारा भार त्या एका हातावर येतो. मग खालची हाडे मागे सरकतात, बंध फाटतात आणि तो त्रिकोण बिघडतो. मोठ्या माणसांच्या मोठ्या सांध्यांत खांद्याच्या खालोखाल कोपरच जास्त निखळते.

अशा वेळी कोणीही हात ओढून बसवू नये. नुसते निखळले आहे की हाडही मोडले आहे, हे फोटो काढल्याशिवाय नक्की कळत नाही. अंगठी, बांगड्या, कडे लगेच काढून घ्या. सूज चढली की निघत नाहीत. हात आहे तसाच झोळीत घ्या आणि दवाखाना गाठा. वाटेत चहा पाजू नका, कारण भूल द्यावी लागते. आणखी एक. करकचून फळ्या बांधू नका. रिचर्ड फोल्कमन नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८८१ सालीच लिहून ठेवले, की घट्ट बांधल्याने रक्त अडते, स्नायू मरतात आणि पंजा कायमचा वाकडा होतो. बोटे थंड किंवा निळी पडली, बधिर झाली, सरळ करताना असह्य कळ आली, तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना उठवा.

डॉक्टर सांधा बसवतात. फोटो पुन्हा काढतात. लोक म्हणतात, "झालं, सुटलो!" आम्ही म्हणतो, खरे काम येथून पुढे.

कोपराचा सांधा फार लवकर आखडतो. तीन आठवड्यांहून जास्त बांधून ठेवला तर हात ताठ राहण्याची भीती वाढते. म्हणून साधे निखळलेले कोपर एकदोन आठवड्यांतच हलवायला लावतात. पण बंध अजून कच्चे असतात. भलतीकडे जोर पडला तर सांधा पुन्हा सरकतो. हलवले नाही तर आखडते, चुकीचे हलवले तर निसटते. या अडचणीतून वाट काढून देणारी माणसे म्हणजे फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामाने उपचार करणारे.

त्यांचा एक व्यायाम पाहण्यासारखा आहे. उताणे निजायचे. दंड आढ्याकडे उभा धरायचा. दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्यायचा. मग हात हळूहळू कपाळाकडे वाकवायचा आणि पुन्हा वर न्यायचा. निजून का? उभे राहून हात लोंबता सोडला तर हाताचेच वजन सांध्याला खाली खेचते. निजून वर धरला तर तेच वजन हाडे एकमेकांवर नीट बसवते. किती सरळ करायचा, तळहात कोणत्या बाजूला ठेवायचा, हे मात्र कोणता बंध फाटला यावर ठरते. ते विचारूनच करावे. बोटे आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवावीत.

आमच्या गावच्या एका वहिनी गोठ्यात शेण काढताना घसरल्या. उजवे कोपर निखळले. घरात दोन म्हशी, दुधावर संसार. आठव्या दिवशी व्यायाम सुरू झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुखरा हात कुणी हलवतं का? तेल लावून चोळून देते, ये." वहिनींनी हात जोडून नको म्हटले, ते फार बरे झाले. ताज्या दुखापतीवर चोळल्याने, दुसऱ्याने जोर लावून हात ओढल्याने आतल्या मांसात हाड तयार होऊ शकते. मग सांधा दगडासारखा अडतो. कोपर आपल्याच ताकदीने हलवायचे असते, दुसऱ्याच्या नव्हे.

साक्षरता वर्गात वहिनी नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत त्या रोज दोनतीन शब्द लिहीत. "हनुवटीला लागला." "सूज फार." "आज जमले नाही." एके दिवशी, "घास तोंडात गेला." बारा-पंधरा दिवस तर प्रगतीच नव्हती, तेव्हा त्या रडल्याही. पण कॅलेंडरची मागची पाने उलटून पाहिली की हात कोठून कोठवर आला हे दिसे. तपासणीला जाताना त्या ती पाने घेऊन जात. डॉक्टरांनाही त्याचा उपयोग झाला.

दीड-दोन महिने त्यांनी भरली बादली उचलली नाही. हात बाजूला पसरून वजन धरणे, खाटेवर तळहात टेकून उठणे, हेही टाळले. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर म्हशीखाली बसल्या. हात आजही अगदी सरळ होत नाही, थोडा वाकडा राहतो. असे पुष्कळांचे होते. भाकरी, वेणी, धार, काही अडत नाही. रोजच्या बहुतेक कामांना ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत वाक पुरतो.

काहींचे कोपर मात्र बरे झाल्यावरही भरवशाचे राहत नाही. हात टेकून उठताना सरकल्यासारखे वाटते, खट् असा आवाज येतो, किंवा भीतीने भार टाकवत नाही. त्याचा अर्थ बंध सैल राहिला असावा. हे अंगावर काढू नये. व्यायामाने स्नायू बळकट करून पुष्कळांचे भागते. न भागले तर शस्त्रक्रियेने बंध पुन्हा बांधून देता येतो. जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. जाताना जुने फोटो आणि कागद पिशवीत घालून न्यावेत.