अनुदान जमीनमालकास की कसणाऱ्यास?

अनुदान मंजूर होणे आणि ते योग्य माणसाच्या हाती पडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट कौंटीत 1933 नंतर जे घडले, त्यावरून हा भेद स्पष्ट होतो. कौंटी हा तेथील राज्याचा एक प्रशासकीय विभाग होय.

त्या काळी मंदीमुळे कापसाचे भाव कोसळले होते. पीक घटले म्हणजे भाव सुधारेल, या विचाराने अमेरिकन सरकारने मे 1933 मध्ये शेती समायोजन कायदा केला. शेतकऱ्याने कापसाखालील काही क्षेत्र कमी करावयाचे व त्याबद्दल सरकारने त्यास रोख रक्कम द्यावयाची, अशी ही योजना होती. पहिल्याच वर्षी सुमारे 1 कोटी एकरांतील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला.

परंतु योजनेत एक मोठी उणीव होती. सरकारचा करार जमीनमालकाशी होता. मळ्यांवर प्रत्यक्ष कष्ट करणारे मात्र बहुतांशी वाटेकरी होते. त्यांचा हिस्सा मालकाच्या हातून मिळावयाचा असल्याने तो पुष्कळांपर्यंत पुरता पोहोचला नाही. शिवाय क्षेत्र घटल्यामुळे मजुरांची गरजही घटली आणि अनेक कुटुंबांना मळा सोडावा लागला. वाटेकऱ्यांची संख्या शक्यतो कायम ठेवावी, असे कलम करारात होते; पण 'शक्यतो' या शब्दामुळे ते दुबळे ठरले. अखेर जुलै 1934 मध्ये या कौंटीतील टायरोन्झा गावाजवळ 11 गोरे व 7 कृष्णवर्णीय शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी कुळांचा संघ स्थापन केला.

पुढे 1938 च्या कायद्यात पिकातील वाट्याच्या प्रमाणात अनुदान विभागण्याचे तत्त्व आले. आजही तेथे रोख खंडाने जमीन कसणारा असल्यास पीक अनुदान त्यास मिळते व वाट्याने कसणारा असल्यास ते दोघांत विभागले जाते. कौंटीतील शेतकऱ्यांनी निवडलेली समिती या कामात भाग घेते.

आपल्याकडे 2019 मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वार्षिक 6000 रुपये 2000 रुपयांच्या 3 हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होतात. त्यामुळे मध्यस्थ टळतो. मात्र हा लाभ जमिनीच्या अभिलेखात नाव असलेल्या कुटुंबासच मिळतो. केवळ वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्यास तो मिळत नाही. पीक विमा योजनेत मात्र कुळे व वाटेकरीही पात्र आहेत; त्यासाठी कराराचा कागद लागतो.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(1) गावात कोणती जमीन कोण कसतो, याची माहिती ठेवावी.

(2) खंडाचा वा वाट्याचा करार तोंडी न ठेवता लेखी करून तो नोंदविण्यास दोन्ही पक्षांस उद्युक्त करावे.

(3) विमा, भरपाई व अनुदान यांतील हिस्सा कोणाचा किती, हे करारात पेरणीपूर्वीच लिहावे.

पीक बुडाल्यानंतर वाटा ठरविण्यास बसले, तर वाद होतो आणि त्यात नुकसान बहुधा कसणाऱ्याचेच होते.