शेताला जाळी मारताय? आधी गेज, खड्डा आणि बांध बघा

हरभरा पेरला की रानडुकरं बी उकरायला येतात, आणि मका दाण्यावर आला की एका रात्रीत अर्धं रान आडवं. रोज जागलीला जाऊन थकलेले बरेच शेतकरी आता काटेरी तारेऐवजी चेनलिंक जाळी लावतायत. काटेरी तारेच्या दोन ओळींतून डुक्कर घुसतं, जाळीत तशी फट नसते. पण खर्च मोठा आहे आणि चुकीची जाळी घेतली तर तो पाण्यात जातो.

ही जाळी वेल्डिंगची नसते. नागमोडी वाकवलेली एकेक तार शेजारच्या तारेत अडकवलेली असते. म्हणूनच तार तुटली तर वरचं टोक उलगडून तेवढीच तार फिरवत बाहेर काढता येते आणि नवी तशीच घालता येते. दोन बंडलंही अशीच एका तारेने जोडतात.

गेजचा हिशेब उलटा असतो. आकडा लहान, तार जाड. ८ गेजची तार सुमारे ४ मिमी, १० गेजची सव्वातीन, १२ गेजची २.६ आणि १४ गेजची जेमतेम २ मिमी. डुकरांच्या भागात १४ गेज घेणं म्हणजे पैसे वाया. जाळी बहुतेक ठिकाणी किलोवर मिळते, त्यामुळे पातळ तारेचं बिल कमी दिसतं. एकाच मापाच्या जाळीत १० गेजला १२ पेक्षा साधारण दीडपट लोखंड लागतं. दुकानदार काहीही म्हणो, तार मोजून बघा. जस्ताचा मुलामा चांगला हवा, नाहीतर गंज लवकर धरतो.

खरी गडबड होते ती खाली. डुक्कर नाकाड घालून खालून उचलतं. त्यामुळे जाळीचा खालचा फूटभर भाग मातीत गाडा किंवा तळाला काटेरी तार ताणा. काळ्या जमिनीत खांब लवकर कलतात, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. खड्डा किमान दोन फूट, त्यात काँक्रीट, आणि कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू हवेतच. सगळा ताण तिथेच येतो.

रोह्यांसाठी मात्र पाच फूट उंची कमी पडते. माकडांना तर जाळी म्हणजे शिडीच!

जाळीत लाइनचा करंट कधीही सोडू नका. लोखंड सलग असल्याने अख्खं कुंपण जिवंत होतं. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. झटका मशीन लावायचं तर त्याची तार इन्सुलेटरवर, जाळीला न चिकटता वेगळी ओढा.

खांब रोवण्याआधी मोजणी करून घ्या. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार कुंपण काढायला लावू शकतात.

चौकोनी एकराला सुमारे ८३५ फूट जाळी लागते. लांबट पट्टा असेल तर जास्त. एकमेकांना लागून असलेल्या अशा चार चौकोनी एकरांना वेगवेगळी मारली तर ३,३४० फूट, चौघांनी मिळून बाहेरून मारली तर १,६७०. फाटक तेवढं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आत वळेल एवढं ठेवा.