हायड्रॉलिक टॅपेट: आवाज करणारे आणि गप्प बसणारे

जुनी इंजिनं पुन्हा बांधण्याच्या आपल्या मालिकेत आज टॅपेट घेऊ. साधे नाहीत, हायड्रॉलिक.

विषय निघाला एका प्रश्नावरून. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे १९८२ची फोक्सवॅगन व्हॅनगन आहे. हवेने थंड होणारं, दोन लिटरचं, मागे बसवलेलं इंजिन. वर्षभर शनिवार-रविवार खपून त्यांनी ते स्वतः बांधलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, पण आवाज असा की पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कोणी हलवतंय. जवळच्या मेकॅनिकने ऐकून सांगितलं, टॅपेट गेलेत, सगळं उतरवा. सगळं उतरवायचं म्हणजे पुन्हा सील, पुन्हा गॅस्केट, पुन्हा काही महिने, आणि बायकोला पुन्हा समजावणं वेगळंच. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता: खरंच उतरवायचं का?

मी उलट दोन गोष्टी विचारल्या. कॅमशाफ्ट नवी टाकली होती का? आणि पहिली वीस मिनिटं इंजिन कसं चालवलं? आवाजाबद्दल मी सुरुवातीला काहीच विचारलं नाही. का, ते पुढे कळेल.

माझी काही वर्षं त्याच भागातल्या एका गॅरेजात ही इंजिनं बांधण्यात गेली, म्हणून उदाहरण याच व्हॅनचं घेतो. भारतात या गाड्या फार थोड्या. सत्तरच्या दशकात युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत जे हिप्पी गोव्यापर्यंत आले, त्यांतले बरेचजण फोक्सवॅगनच्या व्हॅनने आले खरे, पण त्या गाड्यांत साधे टॅपेट होते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हॅनमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले ते १९७८च्या मॉडेलपासून, आणि १९७९मध्ये इराण-अफगाणिस्तानात जे झालं त्यानंतर तो रस्ताच बंद पडला. मग तुम्ही इंदूरला किंवा हैदराबादला बसून हे का ऐकायचं? तुमच्या रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेटच आहेत, म्हणून. तेल, हवा आणि कचऱ्याबद्दल जे बोलू ते तिथेही लागू पडतं.

आधी साधा टॅपेट. कॅमचा लोब टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. इंजिन तापलं की हे सगळे भाग वाढतात, आणि प्रत्येक जण सारखा वाढत नाही. म्हणून मध्ये थोडी फट ठेवावी लागते. या इंजिनाच्या साध्या टॅपेटवाल्या भावंडांत ती इनटेकला ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर असते. फट जास्त झाली की टकटक ऐकू येते. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. म्हणून दर काही हजार किलोमीटरला फिलर गेज घेऊन टॅपेट सेटिंग.

हायड्रॉलिक टॅपेट ही फट स्वतः भरतो. बाहेर एक पोकळ नळकांडं, त्याच्या आत वर-खाली सरकणारा प्लंजर, प्लंजरखाली एक स्प्रिंग, आणि प्लंजरच्या बुडाला एक बारीक गोळी, एकाच दिशेने तेल सोडणारी. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलते, फट संपते, आणि गोळीवाटे खालच्या कप्प्यात तेल शिरतं. लोब ढकलायला लागला की गोळी बंद होते, तेल कोंडलं जातं, आणि तेल दाबलं जात नसल्याने टॅपेट लोखंडाच्या ठोकळ्यासारखा वागतो. प्लंजर आणि नळकांड्याच्या मधून अगदी थोडं तेल मुद्दाम झिरपू दिलेलं असतं. त्यामुळे इंजिन तापून भाग वाढले तरी टॅपेट स्वतःला लहान करू शकतो.

म्हणजे हा टॅपेट पूर्णपणे तेलावर जगतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. खालच्या कप्प्यात हवेचा बुडबुडा राहिला तर प्लंजर आधी तो बुडबुडा दाबतो आणि मग व्हॉल्व्ह उघडतो. तोच आवाज.

आता ही व्हॅन. हिचे चार सिलिंडर आडवे, दोन इकडे, दोन तिकडे. त्यामुळे टॅपेटही आडवे पडलेले. उभ्या इंजिनात टॅपेट तोंड वर करून बसतो. इथे गाडी काही दिवस उभी राहिली, त्यातही ज्या टॅपेटवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब राहिला असेल तो, तर तेल हळूहळू झिरपून जातं. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं खडखड, मग शांत. ही या इंजिनांची जुनी सवय आहे. ती आजार समजून लोक इंजिन उघडतात आणि चांगल्या गोष्टीची नासाडी करतात.

नवीन बांधलेल्या इंजिनात तर आठही टॅपेट रिकामे असू शकतात. ते आधीच भरून घालावेत, आणि त्यासाठी टॅपेट उघडावा लागतो. जुन्या पुशरॉडने प्लंजर दाबायचा, वरची क्लिप काढायची, आणि हात हळूहळू सोडायचा, नाहीतर स्प्रिंग सगळं टेबलाखाली पाठवते. आठ टॅपेटसाठी अंड्यांचा ट्रे घ्या आणि खणांवर आकडे लिहा. एका टॅपेटचा प्लंजर दुसऱ्याच्या नळकांड्यात चालत नाही. त्या जोड्या मापाने जुळवलेल्या असतात, आणि त्यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. डिझेलने धुवा, ब्रशने घासा, हवा मारा. पण पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका. आपल्या प्रत्येक गॅरेजात ते हाताशी असतं आणि त्याचा एक धागा त्या गोळीखाली अडकला की गोळी बसत नाही. मग तो टॅपेट आयुष्यभर टकटकत राहतो.

भरायची रीत अशी. टॅपेट तेलात बुडवून ठेवा, बारीक तारेने गोळी हलकेच दाबा, आणि प्लंजर वर-खाली करा. बुडबुडे येणं थांबलं की तार काढा. आता प्लंजर अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखा लागला तर हवा गेली. स्पंजसारखा दबला तर पुन्हा करा. दोन-तीनदा करूनही दबतच असेल तर एकतर गोळी बसत नाही किंवा प्लंजर झिजलाय. तो टॅपेट बाजूला ठेवा.

बसवल्यावर सेटिंग. हो, हायड्रॉलिकलाही एकदा सेटिंग लागतं. इंजिन थंड, त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. रॉकरचा स्क्रू व्हॉल्व्हच्या दांड्याला नुसता टेकवायचा आणि तिथून दोन फेरे आत. कारखान्याच्या पुस्तकात या इंजिनाला दोन फेरे दिले आहेत. उद्देश हा की प्लंजर आपल्या चालीच्या मधल्या भागात राहावा, दोन्ही बाजूंना सरकायला त्याला जागा असावी. टॅपेट तेलाने पूर्ण भरलेला असेल तर हे दोन फेरे देताना आधी व्हॉल्व्हच उघडतो. घाबरायचं नाही आणि लगेच क्रँकही फिरवायचा नाही. चहा घ्या. जादा तेल झिरपेल, व्हॉल्व्ह बसेल, मग पुढचा सिलिंडर.

आता आवाज. इंजिन सुरू केल्यावर खडखड आली तर पहिली काही मिनिटं मी फक्त तेलाच्या दाबाकडे बघतो. दाब बरोबर असेल तर इंजिन चालू द्या, नीट गरम होऊ द्या, अधूनमधून अडीच हजार आरपीएमपर्यंत न्या. बहुतेक टॅपेट एकेक करून गप्प होतात. आठही एकदम वाजत असतील तर संशय टॅपेटवर घेऊ नका, तेलाची पातळी, पंप आणि तेलाचा मार्ग बघा. एकच वाजत राहिला तर लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून कुठला ते शोधा. आणि हेडवर एक्झॉस्टचा पाइप जिथे बसतो तिथली गळती हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिकते. ती आधी तपासा. टॅपेटच्या नावावर केलेल्या कितीतरी कामांचं खरं कारण दहा रुपयांची गॅस्केट असते.

समजा एक टॅपेट खरंच बिघडलाय. तरी या इंजिनात केस दोन भागांत उघडावी लागत नाही. रॉकर काढा, पुशरॉड काढा, पुशरॉडची ट्यूब ओढा, आणि त्या भोकातून टॅपेट बाहेर येतो. धुवा, भरा, परत घाला. तेव्हा त्या गृहस्थांना माझं अर्धं उत्तर असं होतं की निव्वळ आवाजासाठी इंजिन उतरवू नका.

उरलेलं अर्धं उत्तर त्या कॅमशाफ्टचं. टॅपेटचं बूड, जे लोबवर घासतं, ते सपाट दिसलं तरी किंचित फुगीर असतं, आणि टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहावा अशी मांडणी असते. फिरला तर झीज सगळीकडे वाटली जाते. फिरणं थांबलं की एकाच जागी घासतो, कडक थर जातो आणि आतला मऊ धातू झपाट्याने झिजतो. लोबचा उंचवटा गोल होतो, टॅपेटच्या बुडाला खळगा पडतो, आणि निघालेला धातूचा चुरा तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत जातो. या इंजिनात कॅमला लोब चारच आणि टॅपेट आठ. एक लोब समोरासमोरचे दोन टॅपेट चालवतो, म्हणजे त्याच्यावर दुप्पट काम.

आणि हे सगळं बहुतेकदा आवाज न करता होतं. साध्या टॅपेटमध्ये बूड झिजलं की फट वाढते. मेकॅनिक फिलर गेज घालतो आणि म्हणतो, हा एकच टॅपेट दर वेळी ढिला का सापडतो? हायड्रॉलिकमध्ये ती फट प्लंजर भरून काढतो. सेटिंग नाही, म्हणून कोणी झाकण उघडतही नाही. लोबची उंची कमी झाली तर फटही पडत नाही, फक्त व्हॉल्व्ह कमी उघडतो. इंजिन दमल्यासारखं चालतं. एक्झॉस्टचा लोब गेला असेल तर जळालेला वायू नीट बाहेर पडत नाही आणि इनटेकमधून फटफट आवाज येतो. लोक कार्बोरेटर किंवा इंजेक्शनच्या मागे लागतात. म्हणून मी म्हणतो, बडबड्या टॅपेटची भीती बाळगू नका, गप्प टॅपेटकडे बघा.

यावरून काही नियम पडतात. जुनी कॅम आणि जुने टॅपेट परत वापरणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपल्याच जागी गेला पाहिजे. अंड्यांचा ट्रे त्यासाठीही. बुडावर पट्टी ठेवून उजेडात धरा. मध्ये खळगा दिसला तर तो टॅपेट भंगारात. जुन्या चांगल्या कॅमवर नवे टॅपेट चालतील. नव्या कॅमवर जुने टॅपेट मात्र कधीही नाही, ते कितीही चकचकीत दिसले तरी. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

नव्या कॅमचे लोब आणि टॅपेटची बुडं यांना मॉलिब्डेनमची पेस्ट भरपूर लावा. स्पार्क प्लग काढून, स्टार्टरने थोडं थोडं फिरवून तेलाचा दिवा विझवा, आणि तिथेच थांबा. उगाच फिरवत बसलात तर ती पेस्ट पुसली जाते. मग प्लग घालून सुरू करा आणि ताबडतोब दोन हजार आरपीएमच्या वर न्या. दोन ते अडीच हजारांच्या मध्ये, कमी-जास्त करत, वीस मिनिटं. आयडलवर ठेवून कौतुकाने ऐकत बसायचं नाही. लोबला बरंचसं तेल क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळतं आणि हळू चालणाऱ्या इंजिनात ते पुरेसं उडत नाही. यासाठी टायमिंग, पेट्रोल आणि बेल्ट आधीच जुळवून ठेवा, म्हणजे मध्येच बंद करावं लागणार नाही. या वीस मिनिटांत टॅपेट खडखडले तर खडखडू द्या. आवाज ऐकून आयडलवर आणणं हेच सगळ्यात घातक.

तेलाबद्दल. अशा घासणाऱ्या टॅपेटला तेलातलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग वाचवतं. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या पातळ तेलांत, म्हणजे ५डब्ल्यू-३० वगैरे, एपीआय एसएम आणि एसएन दर्जाने फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. २०डब्ल्यू-५०ला ती मर्यादा लागू नाही, पण डबा वाचून घ्या. आपल्याकडे ते सहज मिळतं आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला गरम हवेत ते योग्यही आहे. टॅपेटचा आवाज बंद करणाऱ्या बाटल्या मिळतात. जुन्या, काळ्या चिकट्याने भरलेल्या इंजिनात त्यांनी थोडा फरक पडतो. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात मी त्या घालत नाही, कारण तिथे आवाज काय सांगतोय हे मला ऐकायचं असतं.

त्या गृहस्थांनी सांगितलं की कॅम नवी, टॅपेट नवे, आणि पहिल्या दिवशी इंजिन आयडलवर पाच-सहा मिनिटं चाललं. म्हणून त्यांना दोन कामं दिली. पहिलं, तेल काढा. या इंजिनाला जाळीही आहे आणि फिल्टरही. जाळी काढून बघा, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा, आणि चुंबक फिरवा. बोटाला राखाडी लेप लागला तर तो पेस्टचा आहे, चालेल. चमचमणारी चिकटणारी कुसळं दिसली तर इंजिन पुन्हा सुरू करू नका.

दुसरं, रॉकरची झाकणं काढून क्रँक हाताने फिरवा आणि आठही व्हॉल्व्ह किती उघडतात ते डायल गेजने मोजून लिहून ठेवा. सगळ्यांना सारख्याच वेगाने फिरवा. फार हळू फिरवलं तर टॅपेट झिरपतो आणि आकडा कमी येतो. इनटेकची तुलना इनटेकशी करा, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. समोरासमोरचे, एकाच लोबवरचे दोन्ही व्हॉल्व्ह कमी उघडत असतील तर लोब गेला, केस उघडण्यावाचून इलाज नाही. दोघांतला एकच कमी असेल तर तो टॅपेट ओढून बघा. त्याच भोकातून बॅटरीचा उजेड टाकून क्रँक हळू फिरवला की लोबचा चेहराही दिसतो. आठही आकडे जुळले आणि फिल्टर स्वच्छ निघाला तर नवं तेल भरून वीस मिनिटं दोन हजारांवर चालवा, मग पुन्हा तेल बदला.

ट्यूब ओढून परत बसवायची म्हणजे तिची सील बदलावी लागते, आणि या व्हॅनखाली तेलाचे थेंब पडतात ते बहुतेक त्याच सीलमधून. पुढच्या भागात तीच घेऊ.