अठरा कोटी गाणी आणि सातवी जागा

सन ९७३. चालुक्य राजा तैलपाने राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट घेऊन त्यांची सत्ता संपवली, ते वर्ष. त्या वर्षी कुणी गाणी ऐकायला बसलं असतं, एका गाण्याला तीन मिनिटं, ना झोप ना जेवण, एकही गाणं दुसऱ्यांदा नाही, तर ती बैठक २०२३ मध्ये उठली असती. संगीतउद्योगाचे आकडे ठेवणाऱ्या ल्युमिनेट कंपनीने २०२३ च्या अखेरीला स्ट्रीमिंगवर मोजलेली गाणी होती १८ कोटी ४० लाख. शिवाय त्या वर्षी रोज सरासरी १ लाखाहून जास्त नवी गाणी चढत होती. एका दिवसाचीच आवक अहोरात्र ऐकायला सात महिने पुरायचे नाहीत.

यातली ४ कोटी ५६ लाख गाणी वर्षभरात एकदाही वाजली नाहीत. गाणाऱ्याच्या घरच्यांनीसुद्धा लावली नाहीत. १५ कोटी ८६ लाख गाणी हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजली, आणि बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून रॉयल्टी देत नाही. म्हणजे एवढ्या ढिगाऱ्यातून कोणतं गाणं आपल्या कानापर्यंत आणायचं हे जो ठरवतो, तो कलाकाराची मीठभाकरही ठरवतो. पूर्वी हे काम रेडिओवाले आणि कॅसेटचे दुकानदार करायचे. आता ते मोठ्या प्रमाणावर शिफारस करणारं सॉफ्टवेअर करतं.

ते बायकांना कोणत्या जागेवर बसवतं? बार्सिलोनाचं पोम्पेउ फाब्रा विद्यापीठ आणि नेदरलँड्समधलं उत्रेख्त विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे तपासलं. ३ लाख ३० हजार श्रोत्यांच्या नऊ वर्षांच्या ऐकण्याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. लोकांनी ऐकलेल्या कलाकारांत बायका होत्या २५ टक्के. नेहमीच्या वापरातल्या शिफारस पद्धतीने याद्या बनवल्या, तर पहिलं गाणं सरासरीने पुरुषाचं, पुढची पाच-सहाही पुरुषांचीच. बाईचा आवाज सातव्या-आठव्या जागी. मोबाइलच्या पडद्यावर पाच-सहा नावं दिसतात. ती बाई पडद्याच्या खालच्या कडेखाली, बोट सरकवेपर्यंत नाहीच.

यात कुणाचा द्वेष नाही, म्हणून तर ते जास्त लागतं. ज्यांचं ऐकणं तुमच्याशी जुळतं त्यांनी पुढे काय ऐकलं, ते सॉफ्टवेअर तुमच्यापुढे ठेवतं. पुढे ठेवलेलंच तुम्ही ऐकता आणि उद्याची यादी त्यावरून बनते. कल थोडासाच, पण कोट्यवधी श्रोते आणि रोजची फेरी, म्हणून तो साचत जातो. याच संशोधकांनी एक साधा प्रयोगही करून पाहिला: प्रत्येक यादीत पुरुषांना काही जागा खाली ढकलायचं आणि काल्पनिक श्रोत्यांना ती यादी ऐकवून पुन्हा नवी बनवायची. काही फेऱ्यांनंतर मूळ पद्धतच बायकांना वर आणायला लागली. या विषयावर मी वाचलेल्यात इतकी आशा देणारं दुसरं काही नाही.

माइकसमोर फरक पडतोही आहे. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० च्या वार्षिक याद्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा गट तपासतो. २०१२ ते २०१७ च्या ६०० गाण्यांत कलाकार बायका २२.४ टक्के होत्या, २०२३ मध्ये ३५ टक्के झाल्या. काचेपलीकडे, जिथे गाण्याचा ध्वनी घडतो, तिथलं चित्र मात्र वेगळंच. या गटाच्या पहिल्या अहवालात तपासलेल्या ६५१ निर्मात्यांत बायका अवघ्या २ टक्के, एका बाईमागे ४९ पुरुष, आणि त्यांतल्या कृष्णवर्णीय वा इतर अल्पसंख्य समाजांतल्या बायका दोन. दोन टक्के नव्हे, दोन जणी. २०२३ मध्येही निर्मात्यांतला वाटा ६.५ टक्क्यांवरच होता.

हे वाचताना ‘आनंदघन’ आठवल्याशिवाय राहत नाही. ‘मोहित्यांची मंजुळा’पासून ‘तांबडी माती’पर्यंतच्या चित्रपटांचे हे संगीतकार म्हणजे लता मंगेशकर. टोपणनाव घेण्याची कारणं काहीही असोत, पण देशातला सगळ्यात ओळखीचा आवाज चाली बांधायला बसला तेव्हा श्रेयनामावलीत पुरुषाचं नाव आलं. ‘साधी माणसं’साठी राज्य पुरस्कार जाहीर झाला, आनंदघनांचं नाव पुकारलं, तरी लताबाई जागेवरच बसून राहिल्या, आनंदघन त्याच, हे सांगितल्यावर उठल्या, असं सांगतात.

म्हणून माझ्या शिफारशी चाली बांधणाऱ्या आणि ध्वनी घडवणाऱ्या बायकांच्याच. इंदूरची स्नेहा खानवलकर: ‘ओये लकी! लकी ओये!’ (२००८) आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (२०१२) या चित्रपटांची संगीतकार. वासेपूरसाठी ती बिहार आणि थेट त्रिनिदादपर्यंत आवाज गोळा करत हिंडली, आणि ती माती त्या गाण्यांत ऐकू येते. मग आरूज आफताब, ग्रॅमी मिळवणारी पहिली पाकिस्तानी कलाकार. ‘व्हल्चर प्रिन्स’ (२०२१) हा अल्बम तिने स्वतः निर्माण केला. तो नाव टाकून शोधा आणि सलग ऐका. शेवटचं गाणं संपलं की ॲप आपल्या मनाने पुढचं लावेल; ते थांबवून तिचाच २०२४ चा ‘नाइट रेन’ लावा.