संकष्टीच्या रात्री चार ग्रह, चार फिल्टर

पुणे, शुक्रवार, १७ जानेवारी २०२५.

संध्याकाळी ५. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण गच्चीवर नेली. सूर्य अजून वर आहे, म्हणून नळीचं झाकण काढायचं नाही. आरसा तास-दीड तास बाहेर निवायला हवा. नाहीतर नळीतली गरम हवा हलत राहते आणि ग्रह उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा दिसतो. त्यावर फिल्टरचा इलाज नाही. डबीत चार आहेत: पिवळा ८, नारिंगी २१, निळा ८०ए आणि जांभळा ४७. हे आकडे रॅटन यांच्या यादीतले. त्यांची कंपनी कोडॅकने १९१२ मध्ये विकत घेतली, यादी मात्र आजही चालते.

६.१५. शुक्र उजेडातच बघून घ्यावा, अंधारात तो डोळे दिपवतो. सध्या जवळजवळ अर्धा आहे. जांभळ्या ४७ मधून जेमतेम ३ टक्के प्रकाश पार होतो, पण शुक्राकडे उधळायला प्रकाश भरपूर. एरवी कोऱ्या पांढऱ्या दिसणाऱ्या त्याच्या ढगांत या रंगात फिकट छटा दिसू शकतात म्हणतात. मला दिसल्या त्या छटा होत्या की माझी हौस, हे शपथेवर सांगणार नाही.

७.१५. शनी शुक्रापासून तीन अंशांच्या आत. मार्चमध्ये कडी पृथ्वीच्या पातळीत येणार, त्यामुळे आत्ताच ती बारीक रेघ झाली आहे. ग्रह पश्चिमेला कलला की वातावरण त्याचे रंग फाकवतं: एका कडेला निळी झालर, दुसऱ्या कडेला तांबडी. पिवळा ८ निळा प्रकाश अडवतो आणि कड जरा नीट होते. शनीसाठी यापेक्षा जास्त खटपट करत नाही.

९.३०. गुरू माथ्यापासून तीनेक अंशांवर. डॉब्सोनियनला नेमकं इथेच वळायला जड जातं, पण गुरू इतका उंच असताना तक्रार कसली! चंद्रोदयासाठी इमारतीतले उपासकरी वर आलेच होते. शेजारच्या काकूंना आधी बिनफिल्टरचा गुरू दाखवला. मग आयपीस काढून त्याच्या खालच्या आट्यांत ८०ए बसवला. हे काम बोटांच्या अंदाजानेच करायचं; आटे तिरपे धरले की घाईत काच निसटते.

"अरे, हा तर निळा झाला!"

"रंग सोडा काकू, पट्टे बघा."

थोडा वेळ शांतता. मग, "मघाशी दोनच होते. आता वर आणखी एक पुसट दिसतोय."

पट्टे तपकिरी-तांबूस, त्यांच्याकडून निळा प्रकाश कमी येतो. म्हणून निळ्या काचेतून ते गडद होतात आणि मधले पांढरे भाग उजळ राहतात. तांबडा डाग समोर असेल तर तोही असाच उठून दिसतो. फिल्टर चित्रात काही घालत नाही, नको तो प्रकाश काढून टाकतो. ८०ए तर सत्तर टक्के काढतो.

११.४५. आता मंगळ, ज्याच्यासाठी एवढा जागरणाचा घाट. प्रतियुती कालच झाली. अंतर साडेनऊ कोटी किलोमीटरच्या वर, व्यास साडेचौदा विकला. मुद्दाम बिनफिल्टरची दहा मिनिटं दिली: नारिंगी चकती, उत्तरेला पांढरा ठिपका, काही करडे डाग. नारिंगी २१ लावताच डागांच्या कडा सुटल्या. लालसर धूळ नारिंगी प्रकाशात उजळते, काळसर खडकाचे प्रदेश तसे उजळत नाहीत. शिवाय लांब तरंगलांबीला आपली हवा कमी हलवते. पाठोपाठ ८०ए लावला, तर डाग जवळजवळ गेले आणि उत्तर ध्रुवाची टोपी चमकली. कडेचं धुकंही दिसलं. दोन काचांतून दोन निरनिराळे मंगळ. कागदावर दोन वर्तुळं काढून वेगवेगळं टिपलं, कारण सकाळी आठवणीत दोन्ही एकमेकांत मिसळतात.

१.१५. हवा बिघडली. दव पडायच्या आत आवरलं.

चार-पाच इंची दुर्बीण असेल तर गडद लाल आणि जांभळा विकत घेऊ नका, चित्र नुसतं काळवंडतं. नारिंगी आणि ८०ए पुरे. यातला कुठलाही फिल्टर सूर्यासाठी नाही. मंगळाची पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे, तेव्हा चकती यंदापेक्षाही थोडी लहान असेल. तोवर गुरूवर सराव करा.